सोबतीचा पल्ला

मराठीत 'सोबत' हा शब्द नुसत्या सहवासाचा नाही. रात्री-बेरात्री निघालेल्या माणसाला घरातले विचारतात, "सोबतीला कोण आहे?" तेव्हा वाटेत गप्पा मारायला कोण आहे, असे त्यांना विचारायचे नसते. काही बरेवाईट झाले तर मध्ये कोण पडणार, हे विचारायचे असते. या प्रश्नाला एक जोडप्रश्न असतो, "कुठपर्यंत?" वेशीपर्यंत येऊन माघारी फिरणारी सोबत आणि घाट उतरून मुक्कामी पोहोचवणारी सोबत यांत फार अंतर आहे, कारण धोका बहुधा वेशीपलीकडेच असतो.

दुसऱ्या महायुद्धात अवजड बॉम्बर विमानांना लढाऊ विमानांची सोबत देण्याचा जो प्रश्न उभा राहिला, तो या 'कुठपर्यंत?'चा होता. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यात वैमानिकांच्या शौर्यकथा अधिक आहेत. माझे आयुष्य भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पत्राकामाच्या धंद्यात गेले, त्यामुळे हा इतिहास वाचताना माझी नजर वैमानिकावरून घसरून विमानाच्या पोटाखाली टांगलेल्या एका टाकीवर जाते. शौर्य दोन्ही बाजूंना पुरेसे होते. कमी पडत होते ते इंधन. आणि ते वाहून नेणारी वस्तू साधी, स्वस्त आणि एकदा वापरून टाकून देण्याची होती. ती वेळेवर का आली नाही आणि आल्यावर काय बदलले, हे इथे मांडायचे आहे.

बॉम्बर पोहोचतोच, हा विश्वास

१० नोव्हेंबर १९३२ रोजी ब्रिटिश संसदेत स्टॅन्ले बाल्डविन यांनी सांगितले, की कितीही बंदोबस्त केला तरी बॉम्बर विमान आपल्या लक्ष्यापर्यंत पोहोचणारच. त्या वेळी ते खोटे नव्हते. रडार नव्हते, आणि बॉम्बर व लढाऊ विमाने यांच्या वेगात फारसा फरक नव्हता. पण हे विधान पुढच्या दहा वर्षांत सिद्धान्त होऊन बसले. बॉम्बर पोहोचणारच असेल, तर त्याला सोबत कशाला?

पहिला धक्का लवकरच बसला. १८ डिसेंबर १९३९ रोजी जर्मनीच्या उत्तर किनाऱ्याजवळ हेलिगोलँडच्या उपसागरावर २२ ब्रिटिश वेलिंग्टन बॉम्बर भर दिवसा गेले, त्यांतले १२ पाडले गेले. ब्रिटनने यातून एक धडा घेतला: दिवसा जायचे नाही. अंधार हीच सोबत. पुढे ब्रिटिश बॉम्बरांचा मुख्य मारा रात्रीचाच राहिला. अंधारात बॉम्बर थोडाफार लपतो, पण त्याला लक्ष्यही नीट दिसत नाही. त्यामुळे कारखान्याऐवजी अख्खे शहर हेच लक्ष्य होऊन बसले.

१९४० च्या उन्हाळ्यात जर्मनांची अडचण उलट बाजूने दिसली. त्यांचे मेसरश्मिट १०९ हे लढाऊ विमान उत्तम, पण लंडनवर पोहोचल्यावर त्याच्याकडे जेमतेम दहा-पंधरा मिनिटे लढण्यापुरते इंधन उरे. दुहेरी इंजिनाचे मेसरश्मिट ११० लांब जाई, पण ते इतके मंद वळे की त्यालाच सोबत लागे. त्यात गोअरिंगने लढाऊ विमानांना बॉम्बरांना चिकटून उडण्याचा हुकूम दिला आणि त्यांचा वेग व उंचीचा फायदाही घालवला.

अमेरिकेने तिसरी वाट धरली. बी-१७ या विमानाला 'फ्लाइंग फोर्ट्रेस', म्हणजे उडता किल्ला, असे नाव होते. आत दहा माणसे, आणि नंतरच्या आवृत्तीत १३ जड मशिनगना. अनेक विमाने ठरावीक रचनेत, वरखाली आणि शेजारी-शेजारी उडवली, तर त्यांचा मारा एकमेकांना झाकील आणि सोबतीची गरजच उरणार नाही, असा हिशेब होता. तो अपुरा पडू लागला तेव्हा आणखी तोफा हेच उत्तर सुचले. बी-१७ मध्येच जादा मशिनगना आणि दारूगोळा भरून वायबी-४० नावाचे 'रक्षक' विमान तयार झाले. १९४३ च्या उन्हाळ्यात ते मोहिमांवर गेले आणि एक साधी गोष्ट ध्यानात आली. बॉम्ब टाकल्यावर बाकीची विमाने हलकी होऊन वेगाने परत फिरत. रक्षकाचे ओझे मात्र तसेच राही आणि तेच मागे पडे. काही महिन्यांत हा प्रयोग गुंडाळला गेला.

मग श्वाइनफुर्ट आले. या जर्मन गावात बॉल बेअरिंगचे कारखाने होते. आमच्या वसाहतीत कुणालाही सांगावे लागणार नाही, की बेअरिंग थांबले तर काय काय थांबते. १७ ऑगस्ट १९४३ रोजी श्वाइनफुर्ट आणि रेगेन्सबुर्ग या दोन ठिकाणी ३७६ बी-१७ निघाली. ६० परत आली नाहीत. १४ ऑक्टोबरला २९१ विमाने पुन्हा श्वाइनफुर्टला निघाली. पुन्हा ६० गेली. प्रत्येकात दहा माणसे, म्हणजे एका दुपारी सहाशे. सोबतीला आलेली थंडरबोल्ट लढाऊ विमाने जर्मनीच्या सरहद्दीवर, आखेनच्या आसपास, इंधनाअभावी माघारी वळली होती. जर्मन वैमानिक नेमके त्या वळणाची वाट पाहत थांबले होते. वेशीपर्यंतच्या सोबतीचा याहून स्वच्छ दाखला मिळणार नाही. यानंतर सोबतीशिवाय जर्मनीत खोलवर जाणे अमेरिकेने थांबवले.

पल्ल्याचे गणित

एखादे लढाऊ विमान भरल्या टाकीवर बाराशे किलोमीटर जाते, याचा अर्थ ते सहाशे किलोमीटरवर सोबत करून परत येते असा होत नाही. आधी जमिनीवर इंजिन गरम करण्यात आणि उड्डाणात इंधन जाते. आठ किलोमीटर उंची गाठण्यात आणखी जाते. मग ठरल्या जागी बॉम्बरांची गाठ घ्यायची; ते उशिरा आले तर घिरट्या घालायच्या.

खरी चैन पुढेच संपते. बॉम्बरांचा ताफा ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने सरळ रेषेत जाई. लढाऊ विमानाने त्याच संथ चालीने शेजारी उडणे म्हणजे आत्मघात. शत्रू वरून सूर मारून आला तर वेग हाताशी नसतो. म्हणून सोबतीची विमाने आपला वेग राखून ताफ्याच्या वर नागमोडी उडत. बॉम्बर एक किलोमीटर पुढे जाई तेवढ्यात हे बरेच अधिक अंतर कापत. प्रत्यक्ष झुंज जुंपली की इंजिन पूर्ण जोराने चालवावे लागे आणि इंधनाचा खप दुपटीच्याही वर जाई. यात परतीची वाट आणि ढगाळ हवेत धावपट्टी शोधण्यापुरती शिल्लक धरली, की बाराशेतले तीन-चारशे किलोमीटर हाती उरत.

म्हणूनच १९४१ मध्ये ब्रिटिश हवाई दलाचे प्रमुख चार्ल्स पोर्टल यांनी चर्चिलना कळवले होते, की लांब पल्ल्याचे लढाऊ विमान आखूड पल्ल्याच्या विमानापुढे टिकणार नाही. जास्त इंधन म्हणजे मोठे विमान, मोठे विमान म्हणजे जड, आणि जड विमान झुंजीत हरते. तर्क चोख होता. त्यात एवढेच गृहीत धरले होते, की वाटेत लागणारे इंधन झुंजीच्या वेळीही विमानातच असणार.

जाताना लागणारे इंधन बाहेर टांगावे, ते आधी वापरावे आणि शत्रू दिसताच टाकी सोडून द्यावी, ही कल्पना नवी नव्हती. ती आपल्या आशियात आधीच रुजली होती. चीनमध्ये चुंगकिंगवर जाणारे जपानी बॉम्बर सोबतीअभावी मार खात होते. तिथे १९४० मध्ये जपानचे झीरो हे लढाऊ विमान टाकून देण्याच्या टाकीसह उतरले आणि १३ सप्टेंबरला त्याची पहिली झुंज एकतर्फी झाली. ८ डिसेंबर १९४१ रोजी फॉर्मोसाहून निघून आठशे किलोमीटरहून दूर असलेल्या फिलिपिन्समधल्या अमेरिकी विमानतळांवर झीरो बॉम्बरांबरोबर पोहोचले. पाश्चात्त्य सेनानींच्या डोळ्यांसमोर हे घडले. तरी युरोपच्या आकाशात तो धडा लागू करायला आणखी दोन वर्षे गेली. ही दोन वर्षे तंत्रज्ञानाने घेतली नाहीत. जुन्या सिद्धान्तावरच्या निष्ठेने घेतली.

कागदाची टाकी

टाकी टांगणे सोपे वाटते. अडचण उंचीवर येते. आठ किलोमीटर उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या साधारण एक तृतीयांश असतो. खाली टांगलेल्या टाकीतून इंजिनाचा पंप पेट्रोल ओढू पाहतो, पण टाकीतल्या पेट्रोलला वर ढकलणारा दाबच नसतो. थंडरबोल्टला प्रथम लावलेल्या टाक्या याच कारणाने उंचीवर निरुपयोगी ठरल्या. उपाय इंग्लंडमधल्या अमेरिकी तंत्रविभागातल्या कॅस हफ या अधिकाऱ्याच्या हाताखाली निघाला. विमानातल्या दिशादर्शक उपकरणांसाठी एक निर्वात पंप असतोच. तो जी हवा बाहेर टाकतो, तीच हवा टाकीत सोडायची. वाया जाणाऱ्या हवेवर टाकीला दाब मिळाला. हफ यांचे घराणे मुलांच्या छर्ऱ्याच्या बंदुका बनवणाऱ्या डेझी कंपनीचे. कारखान्यातल्या माणसाची ही युक्ती आहे हे तिच्या काटकसरीवरूनच ओळखू येते.

दुसरी अडचण धातूची. विमाने बांधायलाच पत्रा पुरत नव्हता, तिथे रोज शेकडोंनी फेकायच्या टाक्यांना तो कुठून आणायचा? ब्रिटिशांनी त्या कागदाच्या केल्या. जाड क्राफ्ट कागदाचे थर सरसासारख्या कृत्रिम चिकटद्रव्याने एकावर एक बसवायचे, आत लाकडी आधार द्यायचे, टोके चिकटवायची आणि पेट्रोल लागू नये असा लेप चढवायचा. एका टाकीत १०८ अमेरिकन गॅलन, म्हणजे चारशे लिटरहून थोडे अधिक पेट्रोल मावे. ते काही तासच भरून ठेवता येई, नंतर टाकी मऊ पडू लागे. पण तिचे काम तेवढ्याच तासांचे होते. शिवाय शत्रूच्या मुलखात पडलेल्या टाकीतून त्याला भंगाराचा धातूही मिळत नसे.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट तिच्या जोडणीची. टाकी आणि विमान यांना जोडणाऱ्या रबरी नळीत काचेचा एक कोपर बसवलेला असे. टाकी सोडली की तो फुटे आणि नळी अडकून राहण्याचा प्रश्नच उरत नसे. सुटा भाग कसा टिकेल याचा विचार आम्ही नेहमी करतो. योग्य क्षणी तो कसा तुटेल, याचाही विचार कुणाला तरी करावा लागतो.

मस्टँग आणि बदललेला हुकूम

टाकीला साजेसे विमानही हवे होते. १९४० मध्ये ब्रिटनच्या मागणीवरून नॉर्थ अमेरिकन कंपनीने मस्टँगचा सांगाडा इंजिनाविना १०२ दिवसांत उभा केला. त्याच्या पंखाची घडण अशी, की हवेचा अडथळा कमी होई आणि कमी पेट्रोलमध्ये लांब जाता येई. पहिले ॲलिसन इंजिन मात्र उंचीवर दम टाकी. एप्रिल १९४२ मध्ये रोल्स-रॉइसचे चाचणी वैमानिक रॉनल्ड हार्कर यांनी ते उडवले आणि त्याला आपले मर्लिन इंजिन बसवा, असे सुचवले. ब्रिटिश इंजिन, अमेरिकी सांगाडा. आणि ते इंजिन परवान्यावर बनवणारी पॅकार्ड ही मोटारींची कंपनी.

या मस्टँगच्या पंखांत सुमारे ७०० लिटर, वैमानिकाच्या पाठीमागच्या टाकीत ३२० लिटर आणि बाहेरच्या दोन कागदी टाक्यांत ८०० लिटर पेट्रोल मावे. पाठीमागची टाकी भरलेली असताना विमानाचा तोल बिघडे आणि झुंजीत ते घातक ठरे. म्हणून वैमानिक आधी तीच बरीचशी रिकामी करत, मग बाहेरच्या टाक्यांकडे वळत आणि पंखांतले इंधन झुंजीला व परतीला राखत. ४ मार्च १९४४ रोजी मस्टँग बर्लिनपर्यंत बॉम्बरांबरोबर गेली.

एकच तुकडी घरापासून घरापर्यंत सोबत करी, असे मात्र नव्हते. थंडरबोल्ट पहिला टप्पा सांभाळत, लाइटनिंग पुढचा, आणि मस्टँग थेट लक्ष्यावर गाठ घेत; परतीला ताज्या तुकड्या सामोऱ्या येत. पालखीचा भार खांदेकऱ्यांनी टप्प्याटप्प्यावर पेलावा तसेच हे होते, फक्त खांदा बदलण्याची वेळ मिनिटावर ठरलेली.

जानेवारी १९४४ मध्ये आठव्या हवाई दलाची सूत्रे जिमी डूलिटल यांच्याकडे आली. लढाऊ विमानांच्या मुख्यालयात एक फलक होता: बॉम्बरांना सुखरूप परत आणणे हे पहिले कर्तव्य. डूलिटल यांनी तो उतरवून, जर्मन लढाऊ विमाने नष्ट करणे हे पहिले कर्तव्य, असा फलक लावायला सांगितले. काही तुकड्या आता ताफ्याला सोडून पुढे जाऊन शत्रूला गाठू लागल्या. बॉम्बरांच्या वैमानिकांना हे रुचले नाही. त्यांना आपण आमिष झालो असे वाटले, आणि ते अगदीच चूक नव्हते. ६ मार्चला बर्लिनवर ६९ बॉम्बर पडलेच. पण जर्मनीचेही वैमानिक मरत होते आणि तितक्या अनुभवाचे नवे तयार होत नव्हते. ६ जूनला दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा वर जर्मन विमाने जवळजवळ दिसली नाहीत.

सोबतीच्या एका तुकडीची ओळख मराठी वाचकाला एका पुस्तकामुळे लवकर पटेल. वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'मुळे टस्कीगी हे नाव आपल्या घरात पोहोचले. त्याच टस्कीगीत १९४१ पासून कृष्णवर्णीय वैमानिक तयार झाले. गोऱ्यांच्या सैन्यात त्यांना वेगळे ठेवले गेले. इटलीतून उडणाऱ्या त्यांच्या ३३२ क्रमांकाच्या तुकडीच्या विमानांची शेपटी लाल रंगाची असे. या तुकडीने एकही बॉम्बर गमावला नाही, अशी आख्यायिका अनेक वर्षे चालली. पुढे कागदपत्रे तपासली तेव्हा २७ बॉम्बर गमावल्याचे आढळले. त्याच हवाई दलातल्या इतर तुकड्यांच्या सरासरीपेक्षा हा आकडा बराच कमी होता. खरा आकडाच त्यांचा मोठेपणा सांगायला पुरेसा आहे.

रंगूनपासून लोहगावपर्यंत

हे सारे युरोपातच घडले असे नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रह्मदेशात टाउंगू इथे भारतीय हवाई दलाचे पहिले स्क्वॉड्रन पोहोचले, आणि जपान्यांनी लगेच त्या विमानतळावर बॉम्ब टाकले. स्क्वॉड्रनचे प्रमुख करुण कृष्ण मजुमदार दुसऱ्या दिवशी एकटे लायसँडर घेऊन सयाममधल्या शत्रूच्या तळावर निघाले. लायसँडर हे सैन्याला टेहळणीत मदत करणारे संथ विमान. त्याला बॉम्ब लटकवले होते. ब्रिटिश स्क्वॉड्रनची दोन बफेलो लढाऊ विमाने त्यांच्या सोबतीला गेली. त्यानंतर सुमारे पावणेदोन वर्षांनी, २७ नोव्हेंबर १९४३ रोजी, रंगूनजवळच्या इनसीनच्या रेल्वे वर्कशॉपवर अमेरिकी लिबरेटर बॉम्बर गेले. बंगालच्या किनाऱ्यापासून हे अंतर साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. सोबतीला बाहेरच्या टाक्या लावलेली जुन्या ॲलिसन इंजिनाची मस्टँग आणि लाइटनिंग होती. उंचीवर ही मस्टँग कमी पडे, आणि त्या आठवड्यात बॉम्बरही पडले, सोबतीही पडले.

ब्रिटनमध्येही आपले वैमानिक होते. १९४० मध्ये तिकडे गेलेल्या २४ भारतीयांपैकी महिंदरसिंग पुज्जी हरिकेन हे लढाऊ विमान उडवत, तर शिवदेवसिंग स्टर्लिंग या चार इंजिनांच्या बॉम्बरवर रात्रीच्या मोहिमांना जात. एकाच बोटीच्या प्रवासातून दोघे या प्रश्नाच्या दोन टोकांना पोहोचले.

युद्ध संपल्यावर हा इतिहास अक्षरशः आमच्या वाटेवर उतरला. भोसरीहून आठ-दहा किलोमीटरवरचा लोहगावचा तळ १९३९ मध्ये मुंबईच्या हवाई रक्षणासाठी उभारला गेला. स्वातंत्र्यानंतर कानपूरला टाकून दिलेल्या लिबरेटर विमानांच्या ढिगाऱ्यातून हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी उडण्याजोगी विमाने काढली, आणि १९५१ मध्ये सहाव्या स्क्वॉड्रनची पुनर्उभारणी याच विमानांवर पुण्यात झाली. त्यांचे मुख्य काम समुद्रावरच्या टेहळणीचे होते, जिथे शत्रूची लढाऊ विमाने भेटण्याची शक्यता कमी. १९६८ पर्यंत ती उडत राहिली. लंडनच्या हवाई दल संग्रहालयात आज उभे असलेले लिबरेटर भारतानेच दिलेले आहे.

नंतर कॅनबेरा आले. हे जेट बॉम्बर सोबतीवर विसंबणारे नव्हते. उंची आणि वेग हेच त्याचे चिलखत, आणि तेही पुरेनासे झाले तेव्हा रात्र. १९७१ च्या युद्धात पुण्याच्या ३५ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची कॅनबेरा कराचीवर रात्रीच गेली. ब्रिटिशांनी १९३९ मध्ये शिकलेला धडा इथे पुन्हा कामी आला.

२७ सप्टेंबर २००२ रोजी लोहगावला सुखोई-३० एमकेआय दाखल झाले. त्याच्या पोटातच तीन हजार किलोमीटरच्या पल्ल्याइतके इंधन मावते आणि हवेत दुसऱ्या विमानाकडून आणखी घेता येते. बॉम्ब नेणारे आणि सोबत करणारे अशी दोन कामे एकाच जातीची विमाने वाटून घेतात. टाकण्याची टाकी गेली. तिच्या जागी टँकर विमान आले. 'कुठपर्यंत?' हा प्रश्न मात्र प्रत्येक आखणीत पहिला राहिला.

सोबत कुणाला

युरोपात आठव्या हवाई दलाची सुमारे २६,००० माणसे मेली. कागदी टाकी दोन वर्षे आधी आली असती तर त्यांतली कितीतरी वाचली असती, हे म्हणणे सोपे आहे आणि बहुधा खरेही आहे. पण हिशेब एवढ्यावर मिटत नाही. १३ ते १५ फेब्रुवारी १९४५ या दिवसांत ड्रेस्डेन शहरावर हल्ले झाले. रात्री ब्रिटिश बॉम्बर आले. दिवसा अमेरिकी बॉम्बर मस्टँगच्या सोबतीने आले. वर जवळजवळ कुणी अडवायला नव्हते. खाली २५,००० पर्यंत माणसे मेली. ज्या वस्तूने दहा जणांच्या विमानाला घरी आणले, त्याच वस्तूने ते विमान अशा शहरावर निर्धोक नेऊन सोडले. टाकीला यातले काही ठाऊक नसते. तिला फक्त पल्ला ठाऊक असतो.

आमच्या वसाहतीत बहुतेक जॉब ड्रॉइंगवरच्या नंबराने ओळखले जातात. माप बरोबर आले, गेजमध्ये बसले, की माल पुढे जातो. तो शेवटी कशाला लागणार, हे बनवणाऱ्याला सांगितलेच जाते असे नाही. इंग्लंडमध्ये कागदाचे थर चिकटवणाऱ्या कामगारांना निदान एवढे ठाऊक होते, की आपली टाकी एखाद्या पोराला बर्लिनहून परत आणील. ते खरे होते. सोबत कुठपर्यंत जाणार, हे त्यांच्या हातांनी ठरवले. कशासाठी जाणार, हे त्यांना कुणी विचारले नाही.